कार्ड खिशात जाण्याआधी

सॉफ्टबॉलच्या सामन्याआधी अंपायर आणि दोन्ही संघांचे प्रशिक्षक होम प्लेटपाशी भेटतात. ती मीटिंग चार-पाच मिनिटांत आटोपते आणि प्रेक्षकांचं तिकडे लक्ष नसतं. मुली हातपाय मोकळे करत असतात, कुणी शेंगा फोडत असतं, कुणी लाऊडस्पीकरवाल्याशी भांडत असतं. पाच-सहा माणसं एका पांढऱ्या पाचकोनी फळीभोवती उभी राहतात, दोन कागद इकडचे तिकडे होतात, माना हलतात आणि सगळे पांगतात. माझ्या तरुणपणातली सगळ्यात मोठी चूक मी त्या चार मिनिटांत केली. पुढे आयुष्यात जे काही नीट केलं, त्यातलं बरंचसं त्या चुकीनं शिकवलेलं आहे. आक्का असती तर म्हणाली असती, "एवढं फुगवून सांगू नकोस गं. मीटिंग चुकली, एवढंच." आक्काला जाऊन आता चार महिने झाले. फुगवून नाही, पण सावकाश सांगते.

निपाणीत आमचं घर दोन खोल्यांचं, पुढे रुंद ओटा. वडील आम्ही लहान असतानाच गेले. आई विड्या वळायची आणि त्यांच्या जुड्या, म्हणजे कट्टे, बांधून कारखान्याच्या चेकरकडे तपासायला न्यायची. दुपारी गल्लीतल्या चार-पाच बायका आपापली सुपं घेऊन आमच्या ओट्यावर बसायच्या, कारण सावली तिथे जास्त वेळ टिकायची. भिजवलेली पानं पत्र्याच्या मापावर ठेवून कापताना कात्रीचा जो आवाज होतो, तो माझ्या बालपणाचा आवाज. त्या आवाजात मी अभ्यास केला, गोष्टी वाचल्या, आजारपणं काढली. कात्र्या थांबल्या की मी दचकून वर बघायची. तंबाखूचा वास कपड्यांना, पुस्तकांना, भाकरीच्या टोपलीलाही असायचा. शाळेतल्या मैत्रिणी नाक मुरडायच्या, तेव्हा मला कळायचं की वास येतोय. आज बेळगावातल्या माझ्या घरात तो वास कुठेच नाही. मधूनच एखादं जुनं पुस्तक उघडलं की येतो, आणि मग मी ते पुस्तक लगेच मिटत नाही.

आक्का माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. तिचं नाव विमल, पण गल्लीतल्या तिच्या बरोबरीच्या पोरीही तिला आक्काच म्हणत. आमच्या गल्लीतली कॉलेजला गेलेली ती पहिली मुलगी. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याच्याखाली, थोडा डावीकडे, आक्काचा पदवीचा झगा घातलेला फोटो. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन ती मुलींच्या हायस्कुलात लागली आणि तिथे तिनं सॉफ्टबॉल आणला. एका शिबिरात ती हा खेळ शिकली होती. पहिल्यांदा तिनं मुलींना मैदानात उतरवलं तेव्हा कुंपणाशी गर्दी जमली. एक म्हातारा म्हणाला, "क्रिकेट हाय व्हय हे? मग स्टंपं कुटं गेली?" आक्का म्हणाली, "आजोबा, तुम्ही उभं ऱ्हावा की स्टंपाच्या जागी." त्यानंतर तो रोज येऊन बसायचा.

संघातल्या बहुतेक मुली विड्या वळणाऱ्या बायकांच्या होत्या. संध्याकाळी खेळायला गेलेली मुलगी म्हणजे आईच्या हाताखालचे दोन हात कमी. आक्का ओट्याओट्यावर जाऊन बसायची, पानं कापू लागायची आणि कापता कापता एकच गोष्ट सांगायची: यंदा जिल्ह्याची फायनल जिंकली की पोरींना राज्य स्पर्धेला बेंगळूरला नेणार. त्या मुलींपैकी एकीनंही बेळगावची वेस ओलांडलेली नव्हती. आयांनाही बेंगळूर म्हणजे फक्त हायवेवरच्या बसची पाटी. कांता नावाची एक उंच, सडसडीत मुलगी होती, संघातली सगळ्यात जोरात मारणारी. तिच्या आईनं स्पष्ट विचारलं होतं, "न्हेणार म्हंजे न्हेणार का विमल? का नुस्तं गोड बोलायलीस?" आक्का म्हणाली, "जिंकलो तर न्हेणार, काकू. माझा शब्द."

मला खेळता येत नव्हतं. चेंडू अंगावर आला की मी डोळे मिटायची. पण आक्काच्या पिशवीतलं नियमांचं पुस्तक मला फार आवडायचं. त्यात कुणी कुणावर ओरडत नव्हतं. अमुक झालं तर तमुक, आणि ते कुणाच्याही बाबतीत. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना मी ते पाठ केलं, अंपायरची परीक्षा दिली आणि पास झाले. आक्काला जेवढा आनंद झाला तेवढीच काळजी वाटली. पुस्तक येणं वेगळं आणि फळीपाशी उभं राहणं वेगळं, असं तिचं म्हणणं. आणि फळीपाशी उभं राहणं म्हणजे आधी मीटिंग घेणं. "ज्या अंपायरची मीटिंग ढिली, त्याचा सामना ढिला," हे ती इतक्यांदा म्हणायची की आईही म्हणायला लागली होती.

मग सुट्टीच्या दिवशी ओट्यावर तालीम चालायची. होम प्लेट म्हणून एक रिकामं सूप उपडं ठेवायचं. आक्का एका संघाची प्रशिक्षक, आई दुसऱ्या. आई विडी वळता वळताच प्रशिक्षक व्हायची.

"टोपी नीट घाल," आक्का सांगायची. "दोघांच्या मधोमध उभी राहा. माझ्याकडं झुकू नको, आईकडं पण झुकू नको. नमस्कार कर. नाव सांग. आता कार्ड."

फलंदाजीच्या क्रमाचं कार्ड हा त्या मीटिंगचा गाभा. यजमान संघाचं आधी घ्यायचं, मग पाहुण्यांचं. घेतलं की उभ्या उभ्या पूर्ण वाचायचं, क्रमानं, नाव आणि अंगावरचा नंबर, आणि प्रशिक्षकाला विचारायचं, "हे असंच आहे ना?" तो हो म्हणाला की मग कार्ड खिशात. तोपर्यंत खाडाखोड करायला त्याला मोकळीक असते. एकदा कार्ड अंपायरच्या खिशात गेलं की त्यावर लिहिलंय तेच खरं. मग मैदानात काहीही घडो.

"म्हणून घेण्याआधी वाच," आक्का म्हणायची. "ते वाचणं त्याच्यावर संशय म्हणून नसतं गं. त्याची चूक त्याला फुकटात सापडावी म्हणून असतं."

कार्डानंतर साहित्य. तुमच्या सगळ्या मुली नियमाप्रमाणे तयार आहेत का, हे प्रशिक्षकाच्याच तोंडून वदवून घ्यायचं. मग मैदानाचे नियम: कुठलं झाड आत, कुठलं बाहेर, चेंडू गटारात गेला तर किती बेस. शेवटी "काही विचारायचंय?" म्हणून मनात पाच आकडे मोजायचे. घाईनं हलायचं नाही.

आई या शेवटच्या प्रश्नाची वाटच बघत असायची. "हाय की विचारायचं. आमची एक पोरगी लई जाड हाय, पळताना दम लागतोय तिला. तिच्या जागी म्हस पळीवली तर चालंल का?"

"नियमात नाही," मी म्हणायची.

"कुटल्या पानावर न्हाय, ते सांग."

बायका हसायच्या, कात्र्या थांबायच्या. आक्का मात्र हसायची नाही. "विचारणारा कसाही विचारू दे, तू उत्तर नीटच द्यायचं," म्हणायची आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावायची.

फायनल बेळगावजवळ हिंडलग्याच्या बाजूच्या एका मैदानावर होती. डाव्या हाताला निलगिरीची रांग, तिच्याआधी एक उथळ चर. आम्ही पहाटेच्या बसनं निघालो. पोरींनी डब्यात भाकरी, खर्डा आणि दह्याचं गाडगं घेतलं होतं. मी गुण लिहायला म्हणून बरोबर निघाले होते. संकेश्वर मागे पडलं तसं आक्कानं गुडघ्यावर वही ठेवून कार्ड लिहायला घेतलं. रस्ता खराब होता, शेजारी कुणाला तरी उलटी होत होती, तिला पाणी देऊन आक्का परत लिहीत होती. हे मला नंतर आठवलं. तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते.

मैदानावर पोचलो तर नेमलेले मुख्य अंपायर तापानं आलेच नव्हते. बेसवरचे अंपायर मुल्ला सर, वयस्क, गुडघ्याला पट्टा बांधलेले. प्लेटमागे वाकून बसणं त्यांना जमणार नव्हतं. त्यांनी आजूबाजूला चौकशी केली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "परीक्षा पास झालीस न्हवं बेटा? मग प्लेट तू घे. मी बेसवर हाय."

"सर, निपाणीच्या बाई माझ्या सख्ख्या बहीण आहेत."

"मग तसं मीटिंगमध्ये सांग. हरकत असली तर ते सांगतील. लपवलं तर चूक, सांगितलं तर न्हाई."

ढगळ शर्ट कुणाचा तरी, टोपी मुल्ला सरांची. मी फळीपाशी जाऊन उभी राहिले. समोरच्या संघाचे प्रशिक्षक देसाई सर शहापूरचे. घरात माग असलेले, पांढऱ्या सदऱ्यातले, शांत बोलणारे शिक्षक. आक्काचा आणि त्यांचा संघ तीन वर्षं समोरासमोर येत होता आणि तिन्ही वर्षं तेच जिंकत होते. नाणेफेक झाली. निपाणी यजमान ठरली, म्हणजे शेवटची फलंदाजी आमची. मी नमस्कार केला, नाव सांगितलं आणि म्हणाले, "निपाणीच्या बाई माझ्या बहीण आहेत. कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगावी."

देसाई सरांनी माझ्याकडे आणि आक्काकडे आळीपाळीनं पाहिलं. "हरकत कसली ओ. बघू तर खरं, बहिणीला औट देतीस का न्हाई."

सगळे हसले. मीही हसले, आणि माझे कान तापले. आता मला दाखवून द्यायचं होतं की मी पक्की आहे. आक्कानं कार्ड पुढे केलं. तिचं ते गोल, टपोरं अक्षर. मला पाटीवर अ गिरवून देणारं. मी त्यावर नजर टाकली आणि कार्ड खिशात घातलं. मग देसाई सरांचं कार्ड घेतलं आणि खणखणीत आवाजात नऊच्या नऊ नावं वाचली, एका मुलीचा नंबर सहा आहे की आठ ते विचारून घेतलं, त्यांनी पेननं नीट करून दिलं. मला वाटलं, झकास. साहित्याचं विचारलं. चर आणि निलगिरी ठरवून घेतली. शेवटी पाच आकडे मोजले. आक्का काही बोलली नाही. मीटिंग संपली.

सामना चांगला झाला, आणि हे मी आज तटस्थपणे सांगू शकते, मी तो चांगला चालवला. चेंडू अंगावर येत होता आणि मी डोळे मिटत नव्हते. जाळीमागून कुणी "ए बाई, चष्मा आणला न्हाईस व्हय?" म्हणून ओरडलं, तेही मला लांबून आल्यासारखं वाटलं. शेवटच्या सातव्या डावात शहापूर एका धावेनं पुढे, आमच्या दोन जणी बाद, दोघी बेसवर. कांता खेळायला आली. तिनं पहिला चेंडू सोडला. दुसरा तिनं असा मारला की तो चराच्या वरून निलगिरीच्या बुंध्याला लागला. दोघी धावत आल्या, फळीवर पाय देऊन गेल्या. निपाणीच्या पोरी मैदानात शिरल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. कुणीतरी "बेंगळूर! बेंगळूर!" असं सुरू केलं.

देसाई सर त्यांच्या बाकावरून उठले. धावले नाहीत. त्यांच्या मुलींना हातानं जागेवरच थांबायची खूण केली आणि माझ्यासमोर येऊन म्हणाले, "अंपायर, माझं अपील हाय. खेळली ती मुलगी क्रमाबाहेर खेळली. कार्ड बघा."

मी खिशातून आक्काचं कार्ड काढलं आणि पहिल्यांदा वाचलं. सातव्या जागी रेखा लिहिलं होतं, आठव्या जागी कांता. मुली सरावात जशा खेळायच्या तशाच खेळल्या होत्या, आधी कांता, मग रेखा. बसमध्ये आक्काच्या हातून दोन नावं उलटी पडली होती. कार्डाची एक प्रत समोरच्या प्रशिक्षकाकडेही जाते, तीवरून देसाई सरांनी हे तिसऱ्या डावातच पाहिलं होतं. तेव्हा दोघी बाद झाल्या, म्हणून ते गप्प राहिले. पाचव्या डावातही तसंच. त्यांना तो हक्क होता. अपील केल्याशिवाय अंपायरनं बोलायचं नसतं आणि कधी करायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. पानासकट मला सगळं येत होतं. ज्या मुलीची पाळी होती ती बाद. धावा रद्द. सामना संपला.

मुल्ला सर लंगडत आले, त्यांनीही कार्ड पाहिलं आणि माझ्याकडे पाहून फक्त पापण्या मिटल्या. मी हात वर केला, मूठ वळली आणि सांगितलं. माझा आवाज फुटला नाही. आजही मला त्या आवाजाचा अभिमान आहे आणि त्याच्या आधीच्या चार मिनिटांची लाज. दोन्ही एकदम.

आक्का आली. मी कार्ड तिच्यापुढे धरलं. तिनं वाचलं, मान हलवली आणि देसाई सरांचा हात हातात घेऊन म्हणाली, "बरोबर आहे, सर." मग पोरींकडे गेली. पोरींना कळायला वेळ लागला. कांता बॅट धरून उभीच होती.

"बाई, मग मी मारल्याला मोजणार न्हाईत व्हय?"

"नाही, कांता."

"पर लागला की झाडाला. समद्यांनी बगिटलं."

आक्कानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

परतीच्या बसमध्ये मी मुद्दाम लांब बसले. आक्काच उठून माझ्या शेजारी आली. हातात दह्याचं गाडगं, तसंच भरलेलं. कुणी खाल्लं नव्हतं.

"निकाल बरोबर होता," ती म्हणाली. "मीटिंग चुकली."

"मी तुझं कार्ड वाचलं नाही, आक्का."

"माहितीय मला. बघत होते की मी." मग म्हणाली, "वाच, असं मी म्हणायला पाहिजे होतं. म्हणाले नाही. तू न वाचता खिशात घातलंस तेव्हा मला जरा बरं वाटलं. तेवढ्यात झालं सगळं."

मी रडायला लागले. ती म्हणाली, "रडू नको, पोरी बघतायत. अंपायर रडली म्हणजे निकाल चुकला असं वाटतं लोकांना."

निपाणीत उतरल्यावर आक्का घरी आली नाही. आधी प्रत्येक ओट्यावर गेली आणि प्रत्येक आईला सांगितलं की कार्ड मी चुकीचं लिहिलं, तुमच्या पोरी हरल्या नाहीत. माझं नाव तिनं एकाही ओट्यावर घेतलं नाही. आईला मात्र मी सगळं सांगितलं. आईच्या हातात अर्धी वळलेली विडी होती. ती पुरी करून तिनं दोरा बांधला आणि म्हणाली, "म्हंजे आमचा चेकरच झालीस की तू. त्यो बी आपल्या मेव्हणीचा कट्टा न उघडता आत घेतोय आन् आमचा तेवडा दिव्याखाली धरतोय." मग सूप बाजूला सारून ती उठली आणि मला भाकरी वाढली. तिच्या बोलण्यानं मला जेवढं लागलं तेवढं नियमांच्या पुस्तकानं कधी लागलं नव्हतं.

पुढच्या वर्षी फायनलला मला रीतसर नेमलं. मी आक्काला म्हणाले, मी जात नाही. ती म्हणाली, "मग मागच्या वर्षी जे झालं ते फुकट गेलं." मी गेले. तेच मैदान, तेच देसाई सर. मी पुन्हा नातं सांगितलं. देसाई सर म्हणाले, "ठाऊक हाय की ओ. औट देती बहिणीला, बघितलंय मी." आक्कानं कार्ड पुढे केलं. मी ते दोन्ही हातांत धरलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. एक, दोन, तीन. तिच्या चेहऱ्याकडे न बघता. चौथ्या जागी रेखा. नवव्या जागीही रेखाच.

"बाई, एक मुलगी दोनदा लिहिलीय."

"व्हय?" आक्का म्हणाली. "बघू." तिनं पेन काढलं, सावकाश खोडलं, बरोबर नाव लिहिलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात जे हसू होतं ते पाहून मला कळलं. देसाई सरांनाही कळलं. "परीक्षा घेतली की ओ तुम्ही बहिणीची!" ते म्हणाले आणि इतके हसले की मुल्ला सरांनी त्यांना आवरलं. आक्का मात्र म्हणाली, "पुढचं घ्या, अंपायर." त्या दिवशी ती मला पहिल्यांदा अंपायर म्हणाली.

त्या वर्षी निपाणीच्या पोरी बेंगळूरला गेल्या. कांता गेली नाही. तिचं मधल्या उन्हाळ्यात लग्न झालं होतं. हे मी इथे मुद्दाम लिहिते, कारण ही गोष्ट सांगताना लोकांना शेवट गोड हवा असतो. न वाचलेल्या कार्डाची किंमत मी दिली नाही, आक्कानंही दिली नाही. ती कांतानं दिली.

नंतर मी कॉलेजच्या ग्रंथालयात लागले, बेळगावला आले, वीसेक वर्षं अंपायरिंग केलं. प्रत्येक मीटिंगमध्ये कार्डं वाचली, ओळखीच्या माणसाचं दोनदा. ग्रंथालयातही माझी ख्याती होती की बाई स्वतःच्या मुलीला पुस्तक देतानाही मागचं-पुढचं पान तपासून देतात. मुलगी चिडायची. आता तीही तसंच करते.

चार महिन्यांपूर्वी, आक्का गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, माझा जावई मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म भरून सहीसाठी माझ्यापुढे घेऊन आला. आक्कानं लग्न केलं नव्हतं. जवळची म्हणून सही मीच करायची होती. बिचारा रात्रंदिवस धावपळ करत होता. "आई, फक्त सही करा, सगळं भरलंय मी," म्हणाला. घरात माणसं बसलेली. कोपऱ्यात कांता बसली होती, आता पांढऱ्या केसांची, नातवाला मांडीवर घेऊन. मी चष्मा घातला आणि फॉर्म वाचायला लागले. मनात वाचायचं होतं, पण सवयीनं मोठ्यानं वाचला गेला. नाव. वडिलांचं नाव. आईचं नाव. वय. पत्ता. व्यवसाय: घरकाम.

मी थांबले. जावयाला म्हणाले, "हे खोडा. निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका, असं लिहा."

"आई, त्यानं काय फरक पडतो आता?"

कोपऱ्यातून कांता म्हणाली, "पडतोय. लिवा."

त्यानं खोडलं, लिहिलं, शेजारी मी छोटी सही केली. मग पहिल्या ओळीपासून मी फॉर्म पुन्हा एकदा वाचला. आपल्या माणसाचा होता, म्हणून दोनदा. संपल्यावर मनात पाच आकडे मोजले. कुणी काही विचारलं नाही. मग खाली सही केली आणि कागद त्याच्या हातात दिला.